तोक उचलायचा नसतो

एतेल्व्हिनामावशीचा फोन दोनदा वाजला आणि झुल्मिराने हातातली पळी सूपच्या पातेल्यात तशीच सोडून दिली.

"दोन?" ती म्हणाली. "ओफेलिया, दोन वाजले ना गं?"

"दोनच," मी म्हणाले. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून घेवडा सोलत होते. माझं कॅफे तिच्या घराला लागूनच आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की मी तिच्याकडे जाऊन बसते, आणि गिऱ्हाईक हल्ली नसतंच.

तिने ना ॲप्रन काढला, ना दार लावलं. चढावर ती पुढे आणि मी मागे, धापा टाकत. वर कपडे धुण्याचा दगडी हौद आहे, तिथे वाट फुटते. डावी वाट सिल्व्हेरियोकाकाकडे जाते, उजवी एतेल्व्हिनामावशीकडे. आम्ही उजवीकडे वळलो. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. जिन्यावरून पडलेली मावशी, चुलीपाशी पडलेली मावशी.

मावशी दारात खुर्ची टाकून कोंबड्यांना मका घालत होती.

"अगं बाई! दोघी धावत कुठं निघालात? कोण गेलं?"

"तू!" झुल्मिरा ओरडली. "दोन तोक दिलेस तू!"

"छे! एकच दिला."

"माझ्याकडे दोन वाजले."

"मग तुझा फोन खोटारडा. ऐंशी उलटली तरी एक आणि दोन कळतं मला. ये, बस. तोंड बघ कसं झालंय, टोमॅटोसारखं. ओफेलियाला तर पाणी दे आधी, नाहीतर इथेच पडायची."

झुल्मिरा हसली नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून श्वास घेत राहिली. मला वाटलं दमली असेल. खरं तर ती घाबरली होती, आणि ते मला त्या दिवशी कळलं नाही.

आमच्या पोर्तुगीज भाषेत ‘तोक’ या एका शब्दात बरंच काही बसतं. चर्चच्या घंटेचा टोला म्हणजे तोक. कुणाच्या खांद्याला हात लावला तर तोही तोक. आणि फोन एकदा वाजवून ठेवून दिला तर तोसुद्धा तोकच. आमच्या उर्झाल गावात पहिला फोन आला तो माझ्या वडिलांच्या कॅफेत. भिंतीवर त्याचं मीटर होतं आणि बोलायला लागलं की ते टकटक करत पळायचं. तेव्हापासून गाव तोकवरच बोलतं. फ्रान्सला गेलेली पोरं रविवारी तोक द्यायची, म्हणजे सगळं ठीक. गाडीतून उतरलं की तोक, म्हणजे पोहोचलो. कोकरू झालं तरी तोक. यात नियम एकच आणि तो पोराबाळांनाही ठाऊक असतो: तोक उचलायचा नसतो. उचलला की समोरच्याला भुर्दंड. घाईने तोक उचलणाऱ्या माणसाला आमच्याकडे अडाणी म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावाने यावरून दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

झुल्मिरा पंचायतीच्या कचेरीत खिडकीवर बसते. दाखले, पेन्शनचे अर्ज, म्हाताऱ्यांची औषधांची चिठ्ठी वाचून दाखवणं, सगळं तीच करते. एका हिवाळ्यात अमेरिकू नावाचा आमचा म्हातारा सुतार घरात मरून पडला आणि कितीतरी दिवस कुणाला पत्ता लागला नाही. कुत्रं भुंकून भुंकून बसलं, तेव्हा दार फोडलं. त्या आठवड्यात झुल्मिरा घरोघर गेली आणि एकेकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला तिने बजावलं. रोज सातच्या सुमारास मला एक तोक द्यायचा. एक म्हणजे मी बरा आहे. काही लागलं तर फोन ठेवायचा नाही, वाजू द्यायचा. दुसऱ्यांदा वाजला की मी घराबाहेर. आणि वाजलाच नाही तर मी येणारच.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारने नाही, पाद्रीबाबांनीही नाही. पण तेव्हापासून संध्याकाळी ती कुठे गेलेली मला आठवत नाही. तिचा मुलगा लक्झेंबर्गला असतो, त्याला मुलगी झाली, आणि नातीला हिने अजून फोटोतच पाहिलं आहे. "आठ दिवस जाऊन ये गं, मी बसते तुझ्या फोनजवळ," असं मी किती वेळा म्हटलं. "तू गप्पा मारत बसशील, आणि तिकडे कुणी मरेल," ती म्हणायची. मला राग यायचा. पण ते खोटं नव्हतं.

इतकी वर्षं हे सगळं नीट चाललं, कारण तार होती. मग चोर यायला लागले. तांब्याला भाव आला आणि खांबांवरची तार रातोरात कापून नेऊ लागले. कंपनीने बसवली, त्यांनी पुन्हा नेली. शेवटी कंपनीचं पत्र आलं की आता तार बसणार नाही. त्याऐवजी प्रत्येक घरात मोबाइल कंपनीचा राउटर बसेल. आत सिम असतं, समोरच्या डोंगरावरच्या टॉवरमधून ते हवा पकडतं, मागे आपला जुना फोन जोडायचा. नंबर तोच. वर इंटरनेटही. आणि कितीही बोला, सगळं फुकट.

मे महिन्यात तो बसवायला आदेरितो आला. चांगला जाडजूड, घामाघूम होणारा, मनाचा भला माणूस. व्हॅनमधून पांढरे डबे काढायचा आणि एकेका घरात शिरायचा. एतेल्व्हिनामावशीने डबा लागला त्याच दिवशी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर फातिमाच्या मेरी माउलीची मूर्ती ठेवली. "हवा बंद होईल हो त्याची," आदेरितो म्हणाला. "माउलीच्या पायाखाली कुणाची हवा बंद होत नाही," मावशी म्हणाली.

सिल्व्हेरियोकाकाकडे मी आणि झुल्मिरा दोघी सोबत गेलो होतो, कारण काका परक्या माणसाला घरात घ्यायचा नाही. काका म्हणजे झुल्मिराचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं, आणि तिचा बाप गेल्यावर लग्नात चर्चपर्यंत तिला त्यानेच नेलं. चौऱ्याऐंशीचा होता. बायको नाही, मूल नाही, शेळ्या आणि तो.

"तार कुठाय?" काकाने विचारलं.

"तार नाही काका. आता हवेतून येतं," आदेरितो म्हणाला.

"हवेतून आमच्याकडे धूर येतो. दुसरं काही येत नाही."

आदेरितो हसला. मग त्याने सांगितलं की डब्याला लाइट लागते. लाइट गेली की फोन गेला. टॉवरची लाइट गेली तरीही गेला. काकाने खिडकीतून समोरच्या डोंगराकडे पाहिलं. टॉवर निलगिरीच्या दाट झाडीत उभा होता, माथ्यापर्यंत सगळी निलगिरीच. कागदवाल्या कंपनीने लावलेली, आणि रॉकेलपेक्षा लवकर पेटणारी.

"लाकडाच्या ढिगावर फोन ठेवलाय की तुम्ही," काका म्हणाला.

त्यानंतर तोक बिघडायला लागले. एतेल्व्हिनामावशीचे दोन वाजले ते मघाशी सांगितलंच. मग एका संध्याकाळी काकाचा वाजलाच नाही, झुल्मिरा डाव्या वाटेने धावत गेली, तर काका शेळी पिळत बसलेला. "दिला की मी!" म्हणून वर चिडला. कधी एकाचे दोन, कधी एकाचा काहीच नाही. ती रोज डोंगर चढायची आणि रोज शिव्या खाऊन परत यायची. पंचायतीत लोक हसायला लागले. "झुल्मिराला कंपनीने पळायला लावलंय, बारीक होतेय बघा," असं माझ्या कॅफेत म्हणत. मीही हसले असेन एखाद्या वेळी.

शेवटी तिने आदेरितोला बोलावून घेतलं. तो माझ्याकडे बिअर पीत बसला होता. तिथेच त्याने खिशातला मोबाइल काढला आणि झुल्मिराच्या घरचा नंबर लावला.

"हा धरा कानाला, झुल्मिराबाई. काही ऐकू येतं?"

"नाही. मुकाच आहे."

भिंतीपलीकडे तिच्या घरात फोन वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. तिच्या कानात अजून काही नव्हतं. पलीकडे दुसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा कुठे ती म्हणाली, "हां, आता वाजला."

"बघा," आदेरितो म्हणाला. "तुमच्या कानात वाजतं ते निराळं आणि तिकडे वाजतं ते निराळं. पूर्वी एकाच तारेवर दोन्ही टोकं होती. आता इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. जुळेलच असं नाही."

"म्हणजे कानात खोटं वाजवता?"

"खोटं नाही हो. अंदाजाने."

"आणि मी काय मोजू मग?"

"मोजायचं कशाला? बोला की! उचला आणि बोला, फुकट आहे आता. कुठल्या जमान्यात आहात तुम्ही लोक?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. झुल्मिराने मोबाइल टेबलावर ठेवला, आणि तिचा चेहरा असा झाला की मी गल्ल्यामागून उठून आले.

ती परत घरोघर गेली. आता तोक बंद, मी उचलणार, तुम्ही बोलायचं. लोकांनी माना डोलावल्या. एतेल्व्हिनामावशी तेवढी बोलायला लागली ती थांबेना. कोंबड्या, गुडघा, मेलेला नवरा. बाकीच्यांचं जमेना. रोज सात वाजता माणसाने काय बोलायचं?

"काय सांगू गं तुला?" सिल्व्हेरियोकाका म्हणाला. "अजून जिवंत आहे, असं? लाज वाटते मला. माणूस स्वतःच्या तोंडाने असं रोज सांगतो का?"

"नुसतं हं म्हण, काका."

"हं म्हणायला फोन कशाला?"

दोन संध्याकाळी त्याने फोन केला, तिने उचलला, तो खोकला आणि ठेवून दिला. तिसऱ्या संध्याकाळी तोकच आला. तिचा हात पुढे गेला होता, पण तिने उचलला नाही. हळूहळू सगळेच तोकवर आले, मावशीसुद्धा, कारण सूप निवतं म्हणे. झुल्मिराने कुणाला काही म्हटलं नाही. एक वाजला की ती मान हलवायची, दोन वाजले की शिव्या घालत चपला शोधायची. मी एकदा विचारलं, "हे असं किती दिवस चालणार?" ती म्हणाली, "दोनाचा एक होत नाही ना, तोवर चालेल. एकाचे दोन झाले तर मी पळेन. पळायला काय जातंय."

ऑगस्टमध्ये स्पेनकडून वारा सुटला. आमच्याकडे त्या वाऱ्याला कुणी नाव दिलेलं नाही, नुसतं ‘तो’ म्हणतात. तो सुटला की दूध नासतं, नवरा-बायको भांडतात. तीन दिवस तो थांबला नाही. पहिल्या दिवशी धुराचा वास आला. दुसऱ्या दिवशी माझ्या बाहेरच्या टेबलांवर राख पडायला लागली. मी पुसायची, परत पडायची. तिसऱ्या दिवशी दुपारी सूर्य लाल झाला, मग तपकिरी, मग नाहीच. भर दुपारी मी दिवे लावले. दिवे लुकलुकत होते. पक्षी एकही नव्हता, आणि कुत्री घरात शिरून टेबलांखाली बसली होती.

तालुक्याहून स्वयंसेवक अग्निशमनवाले आले. त्यांचा कमांडर कोर्देइरो, तालुक्याच्या शाळेत झुल्मिराच्या वर्गात होता. त्याच्याकडे एक जीप आणि चौकात उभी केलेली एक बस. बाकी गाड्या पलीकडच्या खोऱ्यात अडकलेल्या. बसमध्ये लोक बसत होते. कुणी गादी घेऊन, कुणी डुकराचं पिल्लू घेऊन. कोर्देइरो तडक झुल्मिराच्या घरात आला. तिथे फोनजवळ ती आणि मी होतो.

"वर कोण राहिलंय?"

"दोघंच. एतेल्व्हिना आणि सिल्व्हेरियो. मी मघापासून लावतेय. कुणी उचलत नाही."

"झुल्मिरा, नीट ऐक. हौदापासून पुढे मी एकाच बाजूला जाऊ शकतो. आत्ता. वारा फिरला की तेही नाही. कुठल्या बाजूला जाऊ?"

असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं माणसाने? झुल्मिराने परत मावशीचा नंबर लावला. वाजत राहिला. मावशी तेव्हा खुराड्यात शिरून कोंबड्या पकडत होती, हे आम्हाला नंतर कळलं. झुल्मिराने फोन ठेवला.

आणि ठेवल्याठेवल्या तो वाजला.

फोनच्या पट्टीवर नंबर आला. सिल्व्हेरियोकाकाचा. झुल्मिराचा हात रिसीव्हरवर होता, पुरता, बोटं वळलेली. मी ते पाहिलं. कोर्देइरोनेही पाहिलं असेल, पण तो खालच्या शहरात वाढलेला, त्याला त्यात काही दिसलं नसेल. एक वाजला. तिने उचलला नाही. तोक उचलायचा नसतो. आम्ही तिघं श्वास धरून दुसऱ्याची वाट बघत उभे राहिलो.

दुसरा वाजला नाही.

"बरा आहे," ती म्हणाली. तिचे खांदे खाली आले, डोळ्यांत पाणी आलं. "काका बरा आहे. खालच्या नदीकडे उतरला असेल शेळ्या घेऊन, तो तेच म्हणत होता. तू उजवीकडे जा. एतेल्व्हिनाकडे. जा!"

कोर्देइरो गेला. जीपचा आवाज चढावर ऐकू आला, मग वाऱ्यात विरला.

झुल्मिराचा हात अजून फोनवरच होता.

"ओफेलिया," ती म्हणाली. "एकच वाजला ना?"

"एकच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला आदेरितोचा तो मुका मोबाइल आठवला, आणि तिला आठवलेलं मला तिच्या तोंडावर दिसलं, आणि मलाही आठवलं. तिने रिसीव्हर ओढून कानाला लावला, नंबर फिरवला. काही नाही. परत फिरवला. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला, आणि मग घरातले सगळे दिवे गेले. खिडकीतून समोरचा डोंगर दिसत होता. माथ्यावर जिथे टॉवर होता तिथे आता उभी ज्वाळा होती, आवाज न करता जळणारी. आवाज थोड्या वेळाने आला.

ती धावत सुटली. बसच्या ड्रायव्हरने आणि मी तिला चर्चच्या कोपऱ्यावर धरलं. ती मला चावली, माझ्या मनगटावर अजून खूण आहे. "एक नव्हता तो! एक नव्हता!" एवढंच ती ओरडत होती. बसमधल्या लोकांना वाटलं धुराने डोकं फिरलं.

जीप परत आली ती एतेल्व्हिनामावशीला घेऊन. मांडीवर क्रेट, क्रेटमध्ये कोंबड्या, आणि तोंडाने अखंड शिव्या, कारण कोंबडा राहिला होता. मावशीचं घर त्यानंतर थोड्याच वेळात गेलं. जीप गेली नसती तर मावशीही गेली असती. हे मी झुल्मिराला किती वेळा सांगितलं. ती ऐकते आणि हो म्हणते.

डावी वाट बंद झाली होती. हौदाच्या दोन्ही बाजूंनी आग आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना काका सापडला. घरामागे त्याची पाण्याची दगडी टाकी होती, शेळ्यांसाठी. तिच्यात हनुवटीपर्यंत बसलेला. हात, पाठ आणि छातीच्या आतलं सगळं भाजलेलं, पण जिवंत. त्याला हेलिकॉप्टरने कोइंब्राच्या इस्पितळात नेलं.

आम्ही सगळे तालुक्याच्या शाळेत खाटांवर राहिलो. संध्याकाळ झाली की झुल्मिरा उठून फाटकाशी जाऊन उभी राहायची. आदेरितो दोनदा येऊन गेला. त्याला काही माहीत नव्हतं, मदत करायला आला होता, पाण्याच्या बाटल्या घेऊन. तिने त्याच्याकडून बाटली घेतली आणि आभारही मानले. मुलगा लक्झेंबर्गहून विमानाने आला, आई चल म्हणाला. नंतर, म्हणाली.

डॉक्टरांनी भेटायची परवानगी दिली तेव्हा मी तिला गाडीने घेऊन गेले. सगळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजू काळ्या होत्या. ती पुढे बघत बसली होती. कोइंब्राच्या जवळ आल्यावर एकदम म्हणाली, "मी त्याला सांगणार आहे. उचलायला हवा होता, माझा हात होता तिथे, मी उचलला नाही. सांगणार आहे." मला ते बरोबरही वाटलं आणि भयंकरही.

वॉर्डात आम्हाला हिरवे गाऊन घातले, तोंडाला पट्ट्या बांधल्या. काकाचे दोन्ही हात गुंडाळून उशांवर ठेवले होते. चेहरा निम्मा दिसत होता. नाकात नळी. त्याने झुल्मिराला डोळ्यांवरूनच ओळखलं.

"आलीस?"

"आले, काका."

"शेळ्या?"

"राहिल्यात काही. कोर्देइरोच्या बापाकडे आहेत."

"कोर्देइरोचा बाप गाढव आहे. मीठ चाटायला ठेव म्हणावं." तो थांबला. एवढं बोलायलाही त्याला बराच वेळ लागला होता. "झुल्मिरा. मी फोन केला होता तुला."

ती पलंगाच्या कडेला उभी होती. मी तिच्या पाठीशी. तिचं सगळं अंग ताठ झालेलं मला गाऊनमधून कळलं.

"काका, ऐक. मला तुला..."

"थांब. मी बोलतो. परत दम नाही मिळायचा. आग माळावर आली तेव्हा आत पळत गेलो आणि लावला. म्हटलं आज ठेवायचा नाही, वाजू द्यायचा, तू येईपर्यंत. पण मुका होता गं. कानाला लावून उभा राहिलो, काही म्हणून काही नाही. तार होती तेव्हा निदान गुणगुणायचा. म्हटलं मेला डबा, टॉवर जळला असेल. ठेवून दिला. आणि शेळ्या सोडायला गेलो."

त्याने डोळे मिटले, परत उघडले.

"इथल्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या. तुम्हाला न्यायला कसं कुणी आलं नाही म्हणून. जरा रागातच होत्या, गावावर. मी म्हटलं बाई, तसं नाही. फोन बंद होता. वाजला असता तर आमची झुल्मिरा आली असती. मेली असती पण आली असती." त्याने मान थोडी वळवली, आणि ती वळवताना त्याला फार दुखलं. "तिकडे नाही ना वाजला?"

मी फरशीकडे बघायला लागले. खोलीत कुठलंसं यंत्र बारीक आवाज करत होतं.

"नाही," झुल्मिरा म्हणाली. "नाही वाजला, काका."

"बघ. ठाऊक होतं मला."

त्याला इतकं बरं वाटलं की ते आम्हाला दिसलं. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. झुल्मिराने हात पुढे केला, पण त्याच्या अंगाला हात लावायला कुठे जागाच नव्हती. शेवटी तिने पलंगाची दांडी धरली.

"आता जा तू," काका म्हणाला. "सात वाजत आले असतील. बाकीचे तोक देतील. तू घरी नसलीस की म्हाताऱ्या घाबरतात."

गावात आता फोन नव्हते, बरीचशी घरंही नव्हती. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

"जाते," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. नर्स दारात येऊन उभी राहिली आणि तिने मला नजरेने सांगितलं की पुरे. मी झुल्मिराचं कोपर धरलं, हळूच ओढलं. ती पलंगाच्या पायथ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. त्याच्या छातीकडे बघत होती.

चादर एकदा वर आली आणि खाली गेली. झुल्मिरा ती दुसऱ्यांदा वर येण्याची वाट बघत उभी राहिली.